नक्शाबाबूंचं पथ्य

काकाजींच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक नकाशा टांगलेला होता. जाड कागदावर काळ्या शाईनं काढलेली वळणावळणाची नदी, मधेच एकदम अरुंद झालेली, आणि एका ठिकाणी नुसत्या तुटक रेघांनी दाखवलेली. घरी येणारा माणूस हमखास विचारायचा, "ही वैनगंगा काय?"

"नाही. हे माह्यं आतडं आहे," काकाजी म्हणायचे. मग तुटक रेघांवर बोट ठेवून, "एवढं नागपूरले कापून टाकलं. हे जे अरुंद दिसते ना, ते अजून आत आहे."

पाहुणा थोडा वेळ नकाशाकडे, थोडा वेळ काकाजींच्या पोटाकडे बघायचा आणि काहीतरी काम आठवून उठायचा. चहा घ्या म्हणून त्याला थांबवायची सोय नव्हती. त्या घरात चहा होतच नसे.

काकाजी माझे घरमालक. बालाघाटच्या वनखात्याच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते, म्हणून गावात त्यांना सगळे 'नक्शाबाबू' म्हणत. मी त्यांना काकाजी म्हणायची, कारण मी चोवीस वर्षांची होते आणि ते पन्नाशीला आलेले. माझं माहेर भंडाऱ्याचं. राज्यांची वाटणी झाल्यावर भंडारा महाराष्ट्रात गेला आणि नोकरी मला मिळाली ती इकडे मध्य प्रदेशात, बालाघाटच्या एका खाजगी कन्याशाळेत. छोट्या रेल्वेच्या रुळापलीकडे त्यांचं कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, घर होतं. पुढच्या दोन खोल्या मला दिल्या होत्या. भाडं ठरवताना त्यांनी एकच अट घातली, "बाई, तुमी काय वाटेल ते शिजवा. फक्त मले आणून देऊ नोका."

मला ती अट तुसडेपणाची वाटली. पहिल्याच आठवड्यात माझ्या आईनं पाठवलेल्या चार करंज्या मी वाटीत घालून नेल्या. त्यांनी दार अर्धवट उघडलं, वाटीकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, सांगितलं होतं ना." दार लागलं. त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

पुढे कळत गेलं. काकाजी स्वतःचं जेवण स्वतः रांधत. जुना चिन्नोर तांदूळ इतका शिजवत की त्याचा भात राहत नसे, पेज होई. ती फडक्यातून गाळायची. दुधी भोपळा सोलून, बिया काढून, उकडून, पुन्हा गाळायचा. मुगाचं नुसतं पाणी. कधी आरारूट. दूध नाही, तिखट नाही, तुरीची डाळ नाही, वांगं-भेंडी-पेरू तर नावसुद्धा नाही. जेवताना ते दार लावून भिंतीकडे तोंड करून बसत. एकेक घास इतका वेळ चावत की पेजेत चावण्यासारखं असतं तरी काय, असा मला प्रश्न पडे. नवीन काही खाऊन बघायचं ठरलं, समजा लाल भोपळा, तर सलग तीन-चार दिवस फक्त तेवढंच खायचं आणि पोट काय म्हणतं याची वाट बघायची. मग सकाळी अंगणात उभे राहून मला निकाल सांगायचे. "लाल भोपळा पास झाला, बाई." किंवा, "गाजर नापास."

हसू यायचं मला. पण बाजारात भाजीवाल्यांपुढे हा लांब, काटकुळा माणूस एकेक दुधी उचलून दाबून बघायचा, आणि बाकीच्या टोपल्यांकडे मान वळवून न बघता निघून जायचा, ते पाहिलं की हसू टिकत नसे.

आजाराचं नाव 'क्रोन' होतं. आधी बरीच वर्षं डॉक्टरांनी तो पोटाचा क्षय समजून सुया टोचल्या. मग नागपूरला पोट उघडलं तेव्हा सर्जननं सांगितलं, हा क्षय नाही, हे वेगळं आहे. हे नाव गावाला समजावून सांगणं काकाजींना कधी जमलं नाही.

"कोणता रोग म्हणाले?"

"क्रोन."

"हौ, पण कोणता?"

शेवटी लोकांनी आपल्या सोयीचं जुनंच उत्तर धरून ठेवलं. क्षय. कचेरीत त्यांचा पाण्याचा ग्लास वेगळा होता. शेजारची बाई आपलं रांगतं मूल त्यांच्या ओट्यावर गेलं की धावत येऊन उचलून न्यायची. ते ओशाळून बाजूला सरकायचे, जणू मूल चुकून त्यांच्या वाटेत नाही, तेच मुलाच्या वाटेत आले होते.

वारासिवनीला त्यांच्या कचेरीतल्या एका माणसाच्या मुलीचं लग्न होतं. मलाही बोलावणं होतं, मुलगी माझ्या शाळेतली. काकाजी जायला तयार झाले याचंच मला नवल वाटलं. कोट घातला, टोपी घातली, आणि हातात एक पितळी डबा. पंगत बसली तसे तेही बसले. पुढ्यात पत्रावळ मांडू दिली, द्रोण ठेवू दिला, आणि मग डबा उघडून आपली पेज त्या द्रोणात ओतली. वाढपी वरण घेऊन आला. त्यांनी हात आडवा केला. भाजी आली, हात आडवा. बुंदी आली, हात आडवा. मुलीचा मामा बघत होता. तो समोर येऊन उभा राहिला.

"क्यों नक्शाबाबू, हमारे यहाँ ज़हर मिलाया है क्या?"

काकाजी उठून उभे राहिले. भर पंगतीत, हात जोडून, त्यांनी त्याला आजार समजावून सांगायला सुरुवात केली. आतड्याला सूज येते, मग वाट अरुंद होते, मग जे काही जाड ते अडकते. ते बोलत असताना त्यांच्या डाव्या-उजव्या हाताचे दोघे आपापल्या पत्रावळी उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. काकाजींनी ते पाहिलं. तरी वाक्य पुरं केलं, खाली बसले, आणि त्या रिकाम्या झालेल्या पट्टीवर एकटेच पेज पीत राहिले. पंगत उठेपर्यंत उठले नाहीत. परतीच्या गाडीत मला म्हणाले, "मुलगी छान दिसत होती, नाही?"

त्यांच्याशी मनापासून भांडणारा गावात एकच माणूस होता, डॉक्टर. तो मूळचा जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा, भडक डोक्याचा आणि आतून फार मऊ. नागपूरच्या सर्जननं सूज उतरवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या हा डॉक्टर मागवून घ्यायचा आणि स्वतः घरी आणून द्यायचा. काकाजी बाटली घ्यायचे, आभार मानायचे आणि कपाटात ठेवायचे. एकही गोळी खायचे नाहीत.

"दवा अलमारी के लिए नहीं है, बाबू," डॉक्टर ओरडायचा.

"डॉक्टरसाहेब, गोळी आजार झाकते. जेवणानं तो धरता येतो."

"क्या पकड़ा है तुमने? अपना वज़न देखा है?"

यावर काकाजी शांतपणे त्याला नकाशा दाखवू लागायचे आणि डॉक्टर पाय आपटत निघून जायचा. आठवड्यानं पुन्हा यायचा.

त्या वर्षी भादव्यात त्यांची तब्येत एकदम खाली गेली. आधी दुधी बंद झाला, मग मुगाचं पाणी, मग पेजही पातळ होत होत नुसतं तांदळाचं धुवण राहिलं. अंगात बारीक ताप. कचेरीतून दुपारीच परत येत, भिंतीला हात लावत लावत परसाकडे जात आणि तिथून आले की ओट्यावरच बसून राहत. मी एकदा न राहवून त्यांच्या खोलीत गेले. पलंगावर पोटाशी गुडघे घेऊन पडले होते. मी काही न विचारता डॉक्टरला बोलावून आणलं.

डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि कपाटातल्या बाटल्या एकेक काढून पलंगावर मांडल्या. सगळ्या भरलेल्या.

"ये परहेज़ नहीं है," तो म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. "तुम भूखे मर रहे हो. धीरे-धीरे."

"एखादी गोष्ट खाण्यात चुकली असंन. मी शोधून काढतो. खाण्यानं झालं ते खाण्यानंच..."

"खाने से नहीं हुआ!" आता मात्र तो ओरडला. "कितनी बार बोलूँ? खाने से तकलीफ़ घटती-बढ़ती है, मानता हूँ. पर ये रोग किसी खाने से पैदा नहीं होता. किसी के हाथ के खाने से नहीं होता!"

काकाजी उठून बसले. चेहरा असा झाला की मला वाटलं कळ आली. पण कळ नव्हती.

"पहिल्यांदा पोट बंद झालं," ते हळूहळू म्हणाले, "तेव्हा मी पातोडी खाल्ली होती. पोटभर. चमचमीत केलती. तिच्यानं नाही झालं?"

"पातोड़ी?" डॉक्टर क्षणभर गोंधळला. "बाबू, अंदर का रास्ता महीनों पहले से तंग हो चुका होगा. उस दिन पातोड़ी न होती तो भात अटकता. रोटी अटकती. पातोड़ी का क्या क़सूर?"

डॉक्टर गोळ्यांचा हिशेब समजावून गेला. मी पाणी आणलं तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं. तोवर मी त्यांना एकांडा ब्रह्मचारी समजत होते. त्यांचं लग्न झालेलं होतं. खैरलांजीच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी, शेतकऱ्याची, हसरी. लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हा दिवाळीच्या पाडव्याला तिनं पातोडीची, बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी केली. काकाजींचं पोट त्याआधीही दुखत होतं, पण लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. जेवले आणि दुपारी गडाबडा लोळू लागले. गाडीत घालून गोंदियाला नेलं. आठ-दहा दिवस शुद्धी-बेशुद्धीत. इकडे त्यांच्या आईनं गावभर सांगितलं, सुनेनं काही चारलं. आमच्याकडे 'चारलं' म्हणजे विष किंवा करणी, ते वेगळं सांगावं लागत नाही. तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला.

"मी बरा होऊन घरी आलो. माय म्हणे, नाव काढू नको. मी काढलं नाही. मले वाटत होतं, चारलं-बिरलं काही नाही. पण खाण्यानंच झालं. म्हणजे तिच्या हातून झालं, चुकून का होईना. असं धरून चाललो, बाई. खाणं गाळत गेलो. आता हा डॉक्टर म्हणते, खाण्यानं नाही झालं."

मग मला ते कपाटाचं गूढ उलगडलं. गोळी घेतली असती आणि गुण आला असता, तर जेवणाचा दोष उरला नसता. आणि जेवणाचा दोष नसता, तर ती बाई इतकी वर्षं तिकडे कशासाठी होती?

त्या दिवसापासून त्यांनी गोळ्या सुरू केल्या, पण चुकतमाकत, अर्ध्या मनानं. ताप उतरला. दिवाळीनंतर उभं राहण्याइतकी ताकद आली तेव्हा म्हणाले, "बाई, खैरलांजीले जाचं आहे. एकट्यानं होत नाही. तुमी येता काय?"

बसचा प्रवास त्यांना मरणाहून कठीण वाटे. बसमधे परसाकडची सोय नसते. आदल्या दुपारपासून त्यांनी पाणीसुद्धा घोट घोटच घेतलं. दाराजवळची जागा धरली. तरी वाटेत एकदा मला खूण केली, मी ड्रायव्हरला हाक मारली, आणि ते हातात पाण्याची बाटली घेऊन बांधाआड गेले. बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. कुणीतरी काही बोललं, कुणीतरी हसलं. ते आले आणि खैरलांजीपर्यंत मान खाली घालून बसले.

खैरलांजीहून बैलगाडीनं तिच्या भावाच्या गावी गेलो. धान कापणी चालू होती. भावाच्या अंगणात पेंढ्यांचा ढीग लागला होता आणि एक उंच, रापलेली, पिकल्या केसांची बाई पेंढ्या रचत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि हातातली पेंढी तशीच धरून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. बस.

भाऊ घरातून बाहेर आला. त्यानं ओळखलं. "काहून आले?" इतकंच म्हणाला.

काकाजींनी टोपी काढली. आवाज मोठा काढला, इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. शेजारच्या अंगणातल्या बायकाही थांबल्या. "मी सांगाले आलो. डॉक्टरनं सांगितलं. मले जो रोग आहे तो आतड्याचा आहे. तो पहिल्यापासून होता. हिच्या हातानं काही झालं नाही. हिनं काही चारलं नाही. माही माय खोटं बोलली, अन् मी चूप राह्यलो."

ती बाई पुढे आली आणि तिनं विचारलं, "म्हंजे माह्या हातानं नोतं झालं?"

मी आजवर विसरले नाही तो प्रश्न. मला वाटलं होतं, ती चिडेल, रडेल, निदान तोंड फिरवेल. तिला तर खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं तीही तेच धरून बसली होती. भावजयीनं पुढे मला हळूच सांगितलं, ती शेतात राबते, शेण काढते, पाणी भरते, पण चुलीपाशी जात नाही. आता कुणी मनाई करत नव्हतं. पहिल्यांदा केली असेल, मग तीच जाईना. घरच्या लग्नाकार्यातसुद्धा कणकेला हात लावत नव्हती.

"नाही," काकाजी म्हणाले. "तुह्या हातानं नाही."

ती पेंढ्यांपाशीच खाली बसली.

भावजय म्हणाली, "बसा जी. मी जेवाले वाढते."

"हिनं शिजवलं त जेवतो," काकाजी म्हणाले.

"माह्या हातचं नोका खाऊ," ती घाईघाईनं म्हणाली. "मले आता येत नाही."

"भात त येत असंन."

बराच वेळ ती उठली नाही. मग उठली, हातपाय धुतले आणि आत गेली. चूल पेटल्याचा धूर आला. आम्ही अंगणात बसून राहिलो. भाऊ तंबाखू मळत होता. शेजारच्या बायका आपलं काम सोडून तिथेच उभ्या होत्या.

ताट आलं. मऊ भात होता. पण त्यासोबत वालाच्या शेंगांची सालासकट भाजी होती, आणि वर लाल तिखटाचा तवंग. तिला कुठून माहीत असणार? तिनं तिच्या परीनं चांगलंच केलं होतं. मी पुढे झाले, "काकाजी, हे तुम्हाला..." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मागे सरले.

ते जेवले. भिंतीकडे तोंड न करता, अंगणाकडे तोंड करून. ती खांबाला टेकून त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होती.

"मीठ बरोबर हाय?"

"हौ."

ताटात एक शीत ठेवलं नाही. शेंगासुद्धा सगळ्या खाल्ल्या.

निघताना ते तिला म्हणाले, "चाल घरी."

ती बराच वेळ अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "आता नाही जी. आता मले तिकडचं काही आठवत नाही. तुमी येत जा." मग मान वर करून, "पण पोसाच्या महिन्यात नक्की या. मले पाहू द्या, तुमाले काही झालं नाही म्हणून. तवर मले चैन पडनार नाही."

परतल्यावर तिसऱ्याच दिवशी काकाजींचं पोट बंद झालं. डॉक्टर धावत आला. दोन दिवस काय होईल ते सांगता येत नव्हतं, नागपूरला न्यायची तयारी झाली होती. कळांमधून जरा उसंत मिळाली तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "क्या खाया था?"

"भात," काकाजी म्हणाले.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मीही सांगितलं, भात.

"गोळ्या द्या, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "जेवढ्या असतील तेवढ्या. नेमानं घेतो. पोसापर्यंत मले उभं कराच."

पोट मोकळं झालं. गोळ्या त्यांनी खरोखर घड्याळ लावून घेतल्या. हळूहळू भूक लागायला लागली. इतकी, की कधी कधी त्यांनाच तिची भीती वाटे. झोप गेली. हात थरथरायचे, नकाशाची रेघ सरळ येईना, कचेरीत ओरडा खाऊ लागले. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, या गोळ्या काही कायम चालणार नाहीत, हाडं ठिसूळ होतील, साखर वाढेल. पथ्यही सोडू नका, म्हणाला. म्हणजे इतक्या भांडणानंतर दोघंही निम्मे निम्मे बरोबर निघाले, पण त्याचा आनंद दोघांपैकी कुणालाच झाला नाही.

पुढे मी फार दिवस तिथे राहिले नाही. लगेचच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी नागपूरला गेले. तीन-चार वर्षांनी त्यांच्या दुसऱ्या ऑपरेशनची आणि पाठोपाठ ते गेल्याची बातमी कुणाकडून तरी उडत उडत कळली. ती बालाघाटला राहायला कधीच आली नाही, असंही कळलं. ते मात्र जमेल तेव्हा जात राहिले.

मला आठवतात ते त्या पोसातले. सकाळची थंडी होती. मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेले होते. मळमळ होती, पायांना सूज होती, दाराजवळच्या जागेसाठी ते तासभर आधी येऊन बसले होते. गोळ्यांनी त्यांचा तो खप्पड, उभट चेहरा पार बदलून टाकला होता. गाल भरले होते, हनुवटी दिसेनाशी झाली होती.

बस सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून मला विचारलं, "बाई, तोंड कसं दिसते?"

"गोल झालंय, काकाजी. सुजल्यासारखं."

ते पहिल्यांदाच मोकळं हसले.

"मग चांगलं आहे," म्हणाले. "तिले वाटंन, तिच्या हातचं अंगी लागलं."